राग येतो कुठून? विनोबांनी सिवनीच्या तुरुंगात उलगडलेली साखळी

इटियाडोह (जि. गोंदिया) : इटियाडोह धरणाच्या गोंदिया जिल्ह्याला उत्तरेकडे लागून बालाघाट आणि त्यापलीकडे सिवनी. स्वातंत्र्यापूर्वी हा सगळा भाग एकाच मध्य प्रांतात होता. १९४४ मध्ये याच सिवनीच्या तुरुंगात आचार्य विनोबा भावे यांनी गीतेतील स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्याने दिली. त्यांचेच पुढे ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे पुस्तक झाले.

विनोबा तुरुंगात कसे पोहोचले?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे (आता रायगड जिल्हा) येथे झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी तो गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. १९४० मध्ये विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही ठरले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना पुन्हा अटक झाली.

रागाचे मूळ काय?

मराठीत राग म्हणजे संताप. योगशास्त्रात मात्र ‘राग’ म्हणजे आसक्ती. गीतेतली साखळी अशी : एखाद्या गोष्टीचा सतत विचार, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध. पुढे विवेक सुटतो, भान हरपते आणि बुद्धी काम करेनाशी होते. म्हणजे संताप ही सुरुवात नाही, मधली कडी आहे.

साधे उदाहरण घ्या. मेसेजवर दोन निळ्या टिक दिसतात, पण उत्तर येत नाही आणि चीड येते. खरे कारण, उत्तर आलेच पाहिजे हा आधीच धरलेला हट्ट. राग आल्यावर दहा आकडे मोजून तो क्षण टळतो, हट्ट तसाच राहतो.

पतंजली काय सांगतात?

योगसूत्रांत दुःखाची पाच मुळे आहेत : अविद्या, अस्मिता (मीपणा), राग, द्वेष आणि अभिनिवेश (जगण्याला चिकटून राहणे). पहिली अविद्या, म्हणजे चुकीची समज, ही उरलेल्या चारांची जमीन.

तुरुंगाबाहेर काय झाले?

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. जमिनीवरची ‘माझी’ ही पकड सैल करण्याचे आवाहन करत विनोबा वर्षानुवर्षे पायी फिरले. १९६० मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात गेले. सूडाने पेटलेल्या त्या भागात काही डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी असताना त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबरला पवनार आश्रमात त्यांचे निधन झाले. पाचव्या मुळाची, जगण्याच्या चिकटपणाची, त्यांच्यापुरती गाठ तिथे सुटली.