नाणी तोलणारा गणिती

एम-थ्रीत केटी लागली तेव्हा हे व्हेरियन्स-बिरियन्स लागतं कुठे, म्हणून मी जाम वैतागलो होतो. मग लायब्ररीत दामोदर धर्मानंद कोसंबी भेटले. पुस्तकातून, अर्थात!

जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे पंडित. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन दामोदर परतले. पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता जुन्या नाण्यांचा नाद लागला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचं सरासरी वजन उतरत जातं आणि वजना-वजनातला फरक वाढत जातो. झालं! साहेब तराजू घेऊन बसले. तक्षशिलेच्या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. पण मागच्या बाजूला शिक्के जास्त, तितकी झीज जास्त, हे त्यांनी वजनावरून दाखवलं. आपला तोच व्हेरियन्स, बरं का!

जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही वापरतात. भर्तृहरीच्या सुभाषितांचं संपादनही केलं. मुंबईला टाटा संशोधन संस्थेत असताना पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये.

१९५९ साली मात्र घोळ झाला. रीमान हायपोथिसिस सोडवल्याचा दावा त्यांनी शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. सिद्धता टिकली नाही, हसं झालं. १९६२ साली संस्थेने करार वाढवला नाही. एवढा मोठा माणूस, पण वाचताना मलाच कसंसं झालं. गडी थांबला नाही पण. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर दगडी हत्यारं वेचत हिंडायचा. १९६६ साली गेले.

परवा मेसवाल्याकडून दोन रुपयांची शंभर नाणी मागून आणलीत. लॅबमधला तराजू द्यायला सर अजून तयार नाहीत.