साहांचे समीकरण आणि अनुदानाचा हिशेब

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठातल्या एका तरुण अध्यापकाने अमेरिकेतल्या 'अॅस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे एक शोधनिबंध पाठवला. सूर्याच्या प्रकाशाचा दाब काही निवडक अणूंना सूर्याच्या पृष्ठभागापासून वर ढकलतो, असे त्याचे गणित होते. निबंध लांब होता, म्हणून छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने सोसावा, असे उत्तर आले. लेखकाच्या पगारावर आईवडील आणि धाकटा भाऊ अवलंबून होते. पैसे जमले नाहीत. मूळ निबंध अमेरिकेत छापला गेला नाही, पुढे तो कलकत्ता विद्यापीठाच्याच नियतकालिकात आला, आणि ते परदेशात फारसे कोणी वाचत नसे. याच विषयावर नंतर तिकडे काम झाले आणि नावही तिकडच्यांचे झाले.

हे अध्यापक म्हणजे मेघनाद साहा. ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते, आठ भावंडांत मेघनाद पाचवे. प्राथमिक शाळेनंतर मुलाने दुकानात बसावे, असे वडिलांना वाटत होते. दुसऱ्या गावातल्या अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले. बदल्यात गायीची देखभाल करायची आणि आपली भांडी आपण घासायची. जिल्ह्यात पहिला येऊन मिळवलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९०५ मध्ये ढाक्याच्या सरकारी शाळेत गेले. वंगभंगाचे ते वर्ष. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीच्या वेळी झालेल्या बहिष्कारात साहा होते, म्हणून शाळा सुटली आणि सरकारी शिष्यवृत्तीही गेली. सरकारी पैसा एका फटक्यात कसा बंद होतो, हे त्यांना बाराव्या वर्षीच कळले.

पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र आणि जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय शिक्षक, असा योग जुळून आला. वसतिगृहात मात्र जातीवरून पंगतभेद सोसावा लागला.

१९१६ पासून साहा ज्या विज्ञान महाविद्यालयात शिकवू लागले, ते सरकारने उभारलेले नव्हते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी आयुष्यभराची कमाई विद्यापीठाला दिली आणि कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी त्या देणग्यांतून ते उभे केले. उपकरणे जेमतेम होती. त्यामुळे साहांनी कागद आणि पेन्सिल एवढ्यावर होईल असे काम निवडले आणि १९२० मध्ये त्यांचे आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध झाले.

सूर्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. पण रुबिडियम, सीझियम यांच्या रेषा सूर्याच्या वर्णपटात दिसत नव्हत्या. ती मूलद्रव्ये तिथे नाहीतच का? साहांचे उत्तर असे, की उष्णता जास्त आणि दाब कमी असेल तर अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो, अणूचे आयन होते आणि त्याच्या रेषा बदलतात. रुबिडियम सूर्यावर आहे, पण जवळजवळ सगळे आयनरूपात. सूर्यावरचे डाग आजूबाजूच्या भागापेक्षा थंड असतात, तेव्हा तिथे त्याच्या मूळ रेषा सापडायला हव्यात. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणू फुटतील, याचा आकडा या समीकरणातून काढता येऊ लागला. ताऱ्यांची वर्णपटावरून केलेली वर्गवारी ही मुळात तापमानाची उतरंड आहे, हेही त्यातून उलगडले.

आता हे तपासायचे कुठे? साहांकडे ना तशी भट्टी होती, ना दुर्बीण. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीमुळे ते युरोपात जाऊ शकले. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्याच प्रेमचंद रायचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही देणगी दिली होती, त्यातली ही शिष्यवृत्ती. म्हणजे इथेही खासगीच पैसा. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांना वर्णपटांची माहिती मिळाली, त्यानंतर काही काळ ते बर्लिनमध्ये होते. सौरडागांतल्या रेषा शोधण्याची सोय मात्र कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत होती. साहांनी तिथे लिहिले आणि हेन्री नॉरिस रसेल यांनी तिथल्या छायाचित्रांत रुबिडियमच्या रेषा शोधून काढल्या. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी हार्वर्डच्या वेधशाळेत हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, असा निष्कर्ष काढला. बी कलकत्त्यात पेरले गेले, पीक निघाले ते जिथे पाणी होते तिथे.

साहा १९२१ मध्ये परतले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी शिक्षण हे खाते नुकतेच प्रांतांकडे सोपवले होते. त्यामुळे विद्यापीठाला किती मिळणार, हे त्या त्या प्रांताची तिजोरी आणि तिथल्या सरकारची मर्जी यांवर ठरू लागले. बंगालमध्ये सरकार आणि आशुतोष मुखर्जी यांचे बिनसले होते. अडीच लाख रुपये देऊ केले गेले, पण अटींसह, आणि विद्यापीठाने ते नाकारले. बाणेदार निर्णय म्हणून तो आजही सांगितला जातो. साहांच्या प्रयोगशाळेच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ एवढाच होता, की मदतनीस नाही आणि उपकरणेही नाहीत.

१९२३ मध्ये ते अलाहाबादला गेले. तिथे शिकवण्याचे ओझे प्रचंड, ग्रंथालय जुने आणि कार्यशाळा नावापुरती. वर्षानुवर्षे त्यांनी अर्ज केले. दार उघडले ते १९२७ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडल्यावर. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांनी वर्षाला पाच हजार रुपये संशोधनासाठी मंजूर केले. माणूस तोच, समीकरण सात वर्षांचे जुने, पण शिक्का लंडनचा हवा होता. १९३१ मध्ये रॉयल सोसायटीने स्वतः दीड हजार पौंड दिले, तेव्हाच्या दराने सुमारे वीस हजार रुपये. प्रांतिक सरकारचे चार वर्षांचे अनुदान तिकडून एकदम आले.

हा अनुभव घेऊन साहा जानेवारी १९३४ मध्ये मुंबईला आले. इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन होते आणि ते अध्यक्ष होते. देशाची एकच विज्ञान अकादमी असावी, असा विचार त्यांनी तिथे मांडला. झाले भलतेच. अलाहाबादला साहांनी आधीच काढलेली एक होती, बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी त्याच वर्षी दुसरी काढली आणि १९३५ मध्ये कलकत्त्याला तिसरी आली. प्रदेशांप्रमाणे अकादम्याही वाटल्या गेल्या. साहांचा स्वभावही सोपा नव्हता, रामन यांच्याशी त्यांचे कधी जमले नाही. सगळा दोष दिल्लीचा किंवा लंडनचा होता, असे म्हणता येणार नाही.

१९३८ मध्ये ते कलकत्त्याला परतले. पुढच्याच वर्षी युरेनियमच्या अणुविखंडनाची बातमी आली आणि साहांनी अणुकेंद्राच्या भौतिकीकडे मोर्चा वळवला. त्यासाठी सायक्लोट्रॉन हवे. नेहरूंच्या शब्दामुळे टाटा न्यासाकडून साठ हजार रुपये मिळाले. विद्यार्थी बासंतीदुलाल नागचौधुरी बर्कलेला यंत्राचे तंत्र शिकून आले, चुंबकाचे भागही पोहोचले. पण निर्वात पंप घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले आणि यंत्र वर्षानुवर्षे रखडले.

१९४५ मध्ये मुंबईत होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. टाटा न्यासाबरोबर मुंबई प्रांताचे सरकार तिचे सहसंस्थापक होते. त्याच काळात बंगालने १९४३ चा दुष्काळ सोसला होता आणि १९४७ ला फाळणी व निर्वासितांचे लोंढे आले. एका प्रांताचे सरकार मूलभूत विज्ञानात भागीदार होऊ शकत होते, दुसऱ्याला माणसांच्या तोंडात घास घालायचा होता. हा फरक त्या दोन शास्त्रज्ञांच्या गुणांचा नव्हता.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला, अध्यक्ष भाभा झाले. आधी उद्योग आणि प्रशिक्षित माणसे तयार करा, तीही विद्यापीठांतून, असे साहांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. त्यांच्या संस्थेची पायाभरणी त्याच वर्षी झाली आणि ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते उद्घाटन. तिला अनुदान मिळत राहिले, पण मुंबईच्या मानाने थोडे. साधने मोजकी असताना ती एके ठिकाणी एकवटावीत, या भाभांच्या धोरणालाही आधार होता, अणुभट्टी काही चार विद्यापीठांत वाटून बांधता येत नाही. पण सगळा पैसा एकाच नळातून आला की नळापासून दूर असलेल्यांचे काय, हा साहांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

१९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून गेले. मे १९५४ मध्ये अणुऊर्जेवर चर्चा झाली तेव्हा त्यांनी कारभारातल्या गुप्ततेवर आणि केंद्रीकरणावर टीका केली. ऑगस्टमध्ये अणुऊर्जा विभाग स्थापन झाला, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आणि मुंबईत.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत योजना आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना, राष्ट्रपती भवनाजवळ, हृदयविकाराच्या झटक्याने साहा रस्त्यातच कोसळले. वय ६२. त्यांच्या संस्थेला नंतर त्यांचे नाव देण्यात आले. कोलकात्यातल्या या साहा इन्स्टिट्यूटला आज अनुदान येते ते अणुऊर्जा विभागाकडून, आणि त्या विभागाचे मुख्यालय अजूनही मुंबईतच आहे.