पुराण मागितलं म्हणून

फादर थॉमस स्टीफन्स म्हटलं की आपल्याला मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आठवतात. शाळेच्या पुस्तकात भेटलेले फादर बहुतेकांसाठी तिथेच संपतात. पण त्या ओव्या ज्या 'क्रिस्तपुराणा'त आहेत, ते पुराण श्रद्धेच्या एका अडचणीतून जन्माला आलं. त्या अडचणीबद्दल आपण फारसं बोलत नाही.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायरला झाला. त्या काळी तिथे कॅथलिक असणं धोक्याचं होतं. त्यांनी देश सोडला, १५७५ मध्ये रोमला जेजुइट संघात प्रवेश घेतला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजाने निघाले. ऑक्टोबरात ते गोव्याला पोचले. तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये देह ठेवेपर्यंत, फादर इथेच राहिले. त्यातली बरीच वर्षं साष्टीत गेली.

साष्टी तेव्हा धुमसत होती. १५६७ च्या सुमारास पोर्तुगिजांनी तिथली देवळं पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेजुइटांना ठार मारलं. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होते. पुढे सैनिकांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. आपला इतिहास वाचताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. फादर त्याच सत्तेच्या छत्राखाली काम करत होते, हेही मान्य करावंच लागतं.

पण त्याच साष्टीत ते लोकांचं बोलणं ऐकत राहिले. कोकणी इतकी शिकले की तिचं व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोलला छापलं गेलं. पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी घेतली. गोव्यात पुराणं ऐकायची ती मराठीत, ही इथली जुनी रीत होती.

क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? मला हा ग्रंथातला सगळ्यात धीट प्रश्न वाटतो. प्रार्थना पाठ झाल्या होत्या, मिस्सा चालू होती. तरी घरातली एक जागा रिकामी राहिली होती. ती रिकामी कुणी केली हे फादरना ठाऊक होतं. त्यांनी तो प्रश्न लपवला नाही, ग्रंथातच लिहून ठेवला.

उत्तर म्हणून त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं. मध्येच कुणी श्रोता शंका काढतो आणि कथा थांबवून तिला उत्तर दिलं जातं. १६१६ मध्ये राशोलला ग्रंथ छापला, तो रोमन लिपीत. देवनागरी खिळे पाडून घ्यायची त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही.

१६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पुराणाच्या त्या काळच्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. तरी हाताने उतरवलेल्या प्रती मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत टिकल्या आणि त्यांवरून १९०७ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. हुकूम निघाले तरी लोक वाचत राहिले.

आपल्यापैकी अनेकजण प्रार्थना इंग्रजीत म्हणतात, भांडतात मराठीत नाहीतर कोकणीत. त्यात वाईट काहीच नाही. पण शंका माणसाला बहुतेक घरच्या भाषेतच येते. शास्त्र त्या भाषेत असेल तर शंका विचारायची सोय राहते, नाहीतर नुसतं पाठांतर उरतं. त्या ब्राह्मणाने मागितलं म्हणून पुराण मिळालं. आज आपण आपल्या पाद्रींकडे काय मागतो?