सूर्याच्या काठावरची पिवळी रेघ

सोलापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी आणि केम मागे टाकते, मग जेऊर येते. करमाळ्याला जाणारी मंडळी इथे उतरतात. कित्येक गाड्या तर या स्टेशनात थांबतही नाहीत. बँकेच्या नोकरीत या मार्गावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण खिडकीतून जेऊरची पाटी कधी नीट पाहिली नाही. निवृत्तीनंतर जुने वाचताना कळले की १८९८च्या पौष अमावास्येला, म्हणजे २२ जानेवारीला, या गावाच्या माळावर पुण्याची आणि थेट अमेरिकेची शास्त्रज्ञ मंडळी दुर्बिणी रोखून उभी होती. त्याच दिवशी कोकणात विजयदुर्गावर दुसरा एक तळ पडला होता. त्या तळाचे प्रमुख होते सर नॉर्मन लॉकियर.

हे नाव आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. विजयदुर्ग पाहायला गेले की गडावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात लॉकियरसाहेबांनी इथूनच सूर्यावर हेलियम शोधला, असे सांगतात. नातवाला घेऊन गेलो तेव्हा मीही ते मोठ्या अभिमानाने ऐकले. पुढे तारखा जुळवू लागलो. ताळेबंद जुळेना की झोप येत नाही, ही बँकवाल्याची खोड! आणि ताळेबंद खरोखरच जुळेना. त्या ऑगस्टमध्ये लॉकियर विजयदुर्गाला नव्हते, हिंदुस्थानातही नव्हते. ते इंग्लंडात होते आणि लष्करी खात्याच्या कचेरीत कारकुनी करत होते.

मग दंतकथा पुसून टाकायची का? मला वाटते, खरी गोष्ट तिच्याहून सुरस आहे.

नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडातल्या रग्बी गावी झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. एकविसाव्या वर्षी ते सरकारी कचेरीत चिकटले. दिवसभर टिपणे आणि फायली, रात्री घराच्या अंगणात दुर्बीण. आपल्यातले किती जण असे असतात! दिवसा खात्यावर बसणारे आणि रात्री पेटी काढून रियाज करणारे. फरक एवढाच की लॉकियर यांनी आपला छंद छंद म्हणून सोडून दिला नाही.

त्यांचा छंद समजून घ्यायचा तर आधी स्वयंपाकघरात डोकावले पाहिजे. मीठ घातलेले भाताचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडते, तेव्हा निळ्या ज्योतीत पिवळा भपका उठतो. तो मिठातल्या सोडियमचा असतो. सोडियम पुण्यात तापवा, पॅरिसमध्ये तापवा, पिवळा रंग तोच. लोलकातून पाहिले तर त्या पिवळ्याच्या अगदी ठरावीक जागच्या रेघा दिसतात. १८५९च्या सुमारास बुन्सेन आणि किर्खहोफ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की तापलेला विरळ वायू असा आपल्या रेघांनी ओळखता येतो. भट्टीतल्या लाल लोखंडासारखा घन पदार्थ तापला की सगळे रंग सलग देतो. विरळ वायू मात्र मोजक्याच रंगांच्या सुट्या रेघा देतो. जणू प्रत्येकाची सही निराळी. बँकेत नमुना सही ताडून पाहावी तशी ही रेघांची सही ताडायची, मग तो पदार्थ हाताशी असो की नऊ कोटी मैलांवर.

खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राच्या कडेने तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या, हे तोवर कोडे होते. १८६८च्या ग्रहणाची सावली कोकणपट्टीवरून जमखिंडी, विजापूर अशी पुढे गुंटूरपर्यंत गेली. विजापूर म्हणजे आपल्यापासून अवघे शंभर किलोमीटर. जमखिंडीला लेफ्टनंट हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन असे जाणकार वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. ज्वाळांतून सुट्या तेजस्वी रेघा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा धगधगत्या वायूच्या होत्या, आणि त्यात मुख्यत्वे हायड्रोजन होता. एक पिवळी रेघही दिसली. बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली.

इकडे लॉकियर यांच्या डोक्यात १८६६पासून एक विचार घोळत होता. ग्रहणाची वाट पाहायचीच कशाला? उन्हाचा झगमगाट ज्वाळांना झाकून टाकतो, हे खरे. पण वर्णपटदर्शकातून उन्हाचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरून फिका होतो. ज्वाळांचा प्रकाश मात्र चार-दोन रेघांतच साठलेला असतो, तो पसरत नाही. तांब्याभर पाणी परातीत ओतले तर तळ जेमतेम ओला होतो. तेच पाणी अरुंद नळीत ओतले तर उभे राहते. म्हणजे परातीसमोर नळी दिसलीच पाहिजे.

उपाय सुचला, पण पुरेसे जोरदार उपकरण हाती नव्हते. कारागिराकडे सांगितले, त्याला दोन वर्षे लागली. ते हाती पडेपर्यंत १८६८चा ऑक्टोबर उजाडला, ग्रहण होऊन दोन महिने झाले. २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी ग्रहण नसताना, दिवसाउजेडी, इंग्लंडात बसून त्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. गंमत अशी की जान्सेन यांना गुंटूरला ग्रहणाच्या दिवशीच हीच युक्ती सुचली होती आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी ती करूनही पाहिली होती. पण त्यांचे पत्र जहाजाने निघाले. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, येऊन ठेपल्या. श्रेयावरून भांडण जुंपायला याहून चांगला मुहूर्त कोणता? पण भांडण झाले नाही. फ्रेंच सरकारने पुढे पदक पाडले आणि त्यावर दोघांचेही चेहरे कोरले. जान्सेनही तरुणपणी बँकेत नोकरीला होते, हे मी जाता जाता सांगून ठेवतो.

आता ती पिवळी रेघ. लॉकियर यांनी ती काटेकोर मोजली, तर ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली निघाली. सही जवळपास तीच, पण तीच नव्हे. असा चेक पास करायचा नसतो! रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत त्यांनी हायड्रोजनचे दाब आणि उष्णता बदलून पाहिली, पण ती रेघ काही उमटेना. तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य असावे, असे लॉकियर मानू लागले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. कुपीत नाही, तराजूत नाही, नुसत्या एका रेघेवरून मूलद्रव्य! अनेक रसायनतज्ज्ञांनी नाके मुरडली. पंचवीसहून अधिक वर्षे ही रेघ बेवारशी राहिली.

१८९५ साली विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ दिसली. लॉकियर यांनी आपल्या प्रयोगशाळेत तो प्रकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. बत्तिसाव्या वर्षी सूर्याच्या काठावर पाहिलेली रेघ एकोणसाठाव्या वर्षी टेबलावरच्या काचेच्या नळीत उजळलेली! त्या घटकेला त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना मी अनेकदा करतो.

मधल्या काळात ते रिकामे बसले नव्हते. १८६९ साली त्यांनी ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक काढले आणि पन्नास वर्षे चालवले. मात्र त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. तारे आणि तेजोमेघ उल्कांच्या थव्यांतून घडतात, हा त्यांचा लाडका सिद्धांत होता. मृगातल्या तेजोमेघाची एक हिरवी रेघ त्यासाठी एका बाजूने पसरट असायला हवी होती. इथे पुणे येते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक. लॉकियर यांच्याच प्रोत्साहनाने ते वर्णपटाच्या अभ्यासाकडे वळले होते आणि भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. १८९१ साली त्यांनी ती रेघ तपासली आणि ती अगदी बारीक, स्वच्छ आहे, असे लंडनला प्रसिद्ध केले. गुरूच्या मताविरुद्ध. दुर्बिणीत जे दिसले ते लिहिले.

म्हणून १८९८ची ती अमावास्या मला मोलाची वाटते. विजयदुर्गावर बासष्टीला टेकलेले लॉकियर, हाताखाली मेल्पोमिनी युद्धनौकेचे खलाशी. जेऊरच्या माळावर नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कँपबेल. भर दुपारी जेमतेम दोन मिनिटांचा अंधार, आणि दोन्ही तळांवर आभाळ निरभ्र. साहेबाचे कट्टे या मुक्कामाचे असावेत आणि लोकांच्या आठवणीत तीस वर्षांपूर्वीचे ग्रहण त्यात मिसळले असावे, असा माझा तर्क आहे.

१६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर गेले. प्रचंड उष्णतेने अणूही फुटतो, असे ते सांगत आले होते. त्याचे जे रूप त्यांनी कल्पिले होते ते टिकले नाही. पण त्याच वर्षी मेघनाद साहा यांनी गणिताने दाखवून दिले की ताऱ्यांच्या उष्णतेत अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यामुळे रेघा बदलतात. म्हाताऱ्याच्या हट्टात तथ्याचा अंश होता.

पुन्हा विजयदुर्गाला गेलो तर नातवाला सांगेन, बाळा, मागच्या खेपेला आजोबांनी चुकीचे ऐकले आणि मान डोलावली. हेलियम इथे सापडला नाही. पण ज्याने तो ओळखला, तो माणूस म्हातारपणी इथे आला होता. आणि त्याची चूक दाखवणारा त्याचा शिष्य त्याच दुपारी आपल्या जेऊरला उभा होता.