पाताळांतील पाण्याचा शोधक : मार्तेल

तहानेल्या वाटसरूस खडकांतून वाहणारा झरा दिसला म्हणजे तो ओंजळ पुढें करतो. हें पाणी कोठून आलें, असें तो विचारीत नाहीं. आमच्या धाराशिव जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलुखांत तर झऱ्याचें मोल विशेष. तुळजापूरच्या गोमुखापाशीं उभें राहिलेल्या कोणासही हें सांगावयास नको. जें पाणी भूमीच्या पोटांतून आलें तें निर्मळच असणार, ही मनुष्याची फार जुनी समजूत आहे. ती ज्या पुरुषानें स्वतः आजार भोगून खोटी ठरविली, त्याचें अल्प चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

एदुआर-आल्फ्रे मार्तेल यांचा जन्म फ्रान्स देशांत पाँत्वाझ या गांवीं 1 जुलै 1859 रोजीं झाला. त्यांचें शिक्षण कायद्याचें व चरितार्थ पॅरिस येथील व्यापारी न्यायालयांतील वकिलीवर. परंतु लहानपणीं आईबापांबरोबर पिरेनीज पर्वतांतील गुहा पाहिल्या, तेव्हांपासून भूगर्भाचें जें वेड त्यांस लागलें तें अखेरपर्यंत सुटलें नाहीं. न्यायालयास सुटी लागली कीं दोरशिड्या, मेणबत्त्या व घडीची कापडी होडी घेऊन ते दक्षिण फ्रान्समधील चुनखडीच्या पठारांवर जात. 1888 मध्यें त्यांनीं ब्रामाबियो येथील भूमिगत नदी एका मुखापासून दुसऱ्या मुखापर्यंत पार केली. पुढल्याच वर्षीं पादिराक येथील सुमारें 75 मीटर खोल विवरांत उतरून तेथील काळोख्या नदींत त्यांनीं होडी घातली. लुई आर्मां नांवाचा एक खेड्यांतला लोहार या साहसांत त्यांचा उजवा हात होता.

1891 सालीं मात्र त्यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. बेरी नांवाच्या विवराशीं संबंध असलेल्या एका झऱ्याचें पाणी ते प्याले आणि विषबाधेनें आजारी पडले. पाणी दिसावयास स्वच्छ होतें. पण त्या विवरांत एक मेलेलें वासरूं कुजत पडलें होतें, आणि त्याच्यावरून वाहिलेलें पाणीच खालीं झऱ्यास येत होतें. मेलेलीं जनावरें विवरांत लोटून देण्याची त्या मुलुखांत चालच होती. शेतकऱ्यांस तो सोपा उपाय वाटे; खालच्या गांवच्या आजाराशीं त्याचा कांहीं संबंध असेल हें त्यांच्या मनांतही येत नसे.

दुसरा कोणी बरा होऊन ही गोष्ट विसरला असता. मार्तेल वकील होते. ते पुरावा गोळा करूं लागले. वाळूच्या थरांतून पाणी हळूहळू झिरपतें व गाळलें जातें. परंतु पावसाचें पाणी चुनखडीस विरघळवून तिच्यांत रुंद वाटा पाडतें, आणि त्या वाटांनीं घाण जशीच्या तशी वाहत येते, हें त्यांनीं विद्वानांपुढें मांडलें. झऱ्याची उष्णता वरचेवर मोजावी, ती ऋतूप्रमाणें बदलत असेल तर पाणी वरून थेट येतें असा संशय धरावा, असा त्यांचा आग्रह असे. फ्लुओरेसीन नांवाचा हिरवा रंग विवरांत ओतून तो कोणत्या झऱ्यास निघतो हें पाहण्याच्या रीतीचाही त्यांनीं पुरस्कार केला. ही रीत त्यांच्या आधींची. 1877 मध्यें जर्मनींत डॅन्यूब नदी जेथें भूमींत लुप्त होते तेथें 10 किलो फ्लुओरेसीन टाकला, तो सुमारें 60 तासांनीं आख येथील झऱ्यास प्रगट झाला होता.

अखेर 15 फेब्रुवारी 1902 च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें विवरांत मेलेलीं जनावरें टाकण्यास फ्रान्समध्यें बंदी झाली. मार्तेल यांनीं गुहाशास्त्राची संस्था 1895 मध्येंच स्थापिली होती. पुढें अनेक मान त्यांस मिळाले, व 3 जून 1938 रोजीं ते निवर्तले. आज पाणबुडे पाण्यानें भरलेल्या गुहांत शिरतात, आणि पाण्याची उष्णता, क्षार, गढूळपणा व त्यांत विरलेला प्राणवायु मोजणारीं यंत्रें तेथें नेतात. परंतु प्रश्न मार्तेल यांचाच आहे : हें पाणी कोठून आलें, आणि वाटेंत त्याला काय भेटलें?

आमचा खडक चुनखडीचा नव्हे, काळा पाषाण आहे, हें खरें. परंतु त्यासही भेगा आहेत, व त्यांतूनच आमच्या आडांस आणि विहिरींस पाणी येतें. काठावरचा उकिरडा किंवा जवळचा शौचखड्डा पहिल्या पावसाबरोबर त्याच वाटेनें आंत उतरूं शकतो. पायऱ्यांच्या विहिरींत पाय बुडवून पाणी भरण्याच्या चालीनें महाराष्ट्रांत नारूचा रोग पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला. भारत त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर होण्यास 2000 साल उजाडावें लागलें. तेंही पाणी डोळ्यांस स्वच्छच दिसत असे.

मार्तेल यांच्याइतकें खोल उतरणें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांस साधेल. परंतु सुटींत गांवीं गेल्यावर आपल्या विहिरीच्या वरच्या अंगास काय पडलें आहे हें पाहून येणें, आणि आढळलेली गोष्ट वडील मंडळींस आदरानें पण न भितां सांगणें, हें प्रत्येकास साधण्यासारखें आहे. तेवढें त्यांनीं केलें तर हें चरित्र लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.