गोपाळ गणेश आगरकर : इंग्रजी वाक्यविचार आणि मराठी वाक्य

गोपाळ गणेश आगरकर यांची ओळख समाजसुधारक, संपादक आणि बुद्धिवादी निबंधकार म्हणून इतकी दृढ आहे की, त्यांच्या व्याकरणविषयक कार्याचा बहुधा ओझरता उल्लेख होतो. 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हा त्यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला 'सुधारक' निघाला. ही दोन्ही कामे एकाच मनोधर्माची आहेत, असे त्यांचा जीवनक्रम पाहता दिसून येते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरच्या दारिद्र्यामुळे त्यांचे शिक्षण सलग झाले नाही. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास करीत, मध्यंतरी कचेरीत उमेदवारी करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. अशा विद्यार्थ्याला इंग्रजी घरात कानावर पडून येत नाही. ती नियमाने, वाक्य उकलून मिळवावी लागते. पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकविताना त्यांच्यासमोर बसलेले विद्यार्थीही बहुतेक याच अवस्थेतील होते.

या विद्यार्थ्यांच्या अडचणी किरकोळ वाटल्या तरी त्यांचे मूळ खोल असते. मराठीत 'पाऊस पडतो' म्हटले की पाऊस हाच पडणारा असतो. इंग्रजीत मात्र 'इट इज रेनिंग' या वाक्यातील 'इट' म्हणजे कोण, हे सांगता येत नाही. मराठीत 'मी उद्या येईन, असे तो म्हणाला' यात बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहतो. इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात 'आय'चा 'ही' होतो आणि 'विल'चा 'वुड'. 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यातील 'मला' इंग्रजीत 'आय' होऊन वाक्याच्या अग्रभागी बसतो आणि 'आहेत'च्या जागी 'हॅव' येते. येथे शब्दाला प्रतिशब्द देऊन भागत नाही. वाक्याची घडणच ध्यानी घ्यावी लागते.

ही घडण भाषांतरकाराला पदोपदी भेटते. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे रूपांतर हाती घेतले. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. साताऱ्याचे जुने नाव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेन गाजविला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'ऑथेल्लो'वरून रचलेला 'झुंझारराव' १८९० चा. कृष्णाकाठच्या या दोन्ही लेखकांना इंग्रजी वाक्य मराठीत उभे करण्याचा प्रश्न सोडवावा लागला. आगरकरांनी त्याची शास्त्रीय बाजूही हाताळली, हे त्यांचे वेगळेपण.

वाक्यपृथक्करणाची पद्धती जर्मन व्याकरणकार बेकर याच्या विचारातून निघाली आणि मोरेलसारख्या लेखकांमुळे इंग्लंडच्या शाळांत स्थिरावली. इंग्रजी शिक्षणाबरोबर ती येथे आली. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणात शब्दांच्या जाती आणि रूपे यांना प्राधान्य होते. आगरकरांनी संपूर्ण वाक्य हे विवेचनाचे केंद्र केले आणि हे विवेचन मराठीतून, मराठी वाक्यांसाठी केले.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत सामान्यतः उद्देश्य क्रियापदाचे वचन ठरवते. मराठीत 'रामाने पोळी खाल्ली' या वाक्यात खाणारा राम असूनही क्रियापद पोळीच्या मागे जाते. 'मला थंडी वाजते' यात तर अनुभव घेणारा 'मला' असून व्याकरणाच्या दृष्टीने कर्तृपद 'थंडी'कडे जाते. म्हणून परक्या भाषेचा साचा जसाच्या तसा लावल्यास मराठी वाक्य विपर्यस्त होण्याची भीती असते. परंतु साचा लावून पाहिल्याखेरीज हे वेगळेपणही स्पष्ट होत नाही. आगरकरांच्या उपक्रमाचे महत्त्व या दुसऱ्या गोष्टीत आहे. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले, तेव्हा वाक्यविचार हा मराठी व्याकरणाला अपरिचित विषय राहिला नव्हता.

मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा आगरकरांवरील प्रभाव सर्वश्रुत आहे. मिलच्या दृष्टीने व्याकरण हा तर्कशास्त्राचा प्राथमिक भाग होय. या भूमिकेतून पाहता रूढीचे परीक्षण आणि वाक्याचे पृथक्करण यांतील अंतर कमी होते. मुख्य विधान कोणते, त्यावर अवलंबून काय आहे आणि कारण म्हणून पुढे केलेली गोष्ट खरोखर कारण आहे काय, हे 'सुधारक'मधील निबंधांतून विचारले जाणारे प्रश्न वाक्यमीमांसेच्या शिस्तीशी जुळणारे आहेत. 'सुधारक'ला इंग्रजी विभागही होता व तो गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. त्यामुळे दोन भाषांची वाक्ये आठवड्यागणिक एकाच पत्रात शेजारी नांदत.

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने जर्जर झालेल्या या शिक्षकाचे १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, निधन झाले. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत १८८४ मध्ये त्यांचा वाटा होता, तिनेच १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढले. शालेय मराठीत केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्यांची उकल करणे आज इतके अंगवळणी पडले आहे की, ती रीत इंग्रजीच्या वर्गातून आली, हे सहसा ध्यानात येत नाही. तिला मराठीत रुजविणाऱ्यांमध्ये आगरकरांचे स्थान अग्रभागी आहे आणि त्यांच्या निबंधांचा अभ्यास या व्याकरणकाराला वगळून पूर्ण होणार नाही.