सरळ रेषेचा साधक : रिचर्ड ड्रू

आमच्या गोव्यात चतुर्थी जवळ आली की घराघरांतून रंगकामाची लगबग सुरू होते. भिंतीचा वरचा भाग एका रंगाचा, खालचा पट्टा दुसऱ्या रंगाचा, अशी आवड पुष्कळांना असते. हे दोन रंग जेथे भेटतात, ती रेषा सरळ आली तर खोलीला शोभा येते. ती वाकडी आली तर भारी किमतीच्या रंगाचेही चीज होत नाही. पूर्वी रंगारी दोरीला भुकटी चोळून ती भिंतीवर ताणून सोडीत आणि त्या खुणेवरून श्वास रोखून कुंचला ओढीत. आता रेषेच्या कडेला कागदाची एक चिकटपट्टी लावली जाते. रंग देऊन झाल्यावर ती ओढून काढली की खाली रेखीव रेषा उमटलेली दिसते. हिला मास्किंग टेप म्हणतात. इतकी साधी वस्तू कोणी तरी शोधून काढावी लागली असेल, असे आपल्या मनातही येत नाही. ज्याने ती शोधली त्या रिचर्ड गर्ली ड्रू या अमेरिकन संशोधकाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

ड्रूचा जन्म २२ जून १८९९ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरी झाला. त्याला वाद्यवादनाचा नाद होता. बँजो हे तंतुवाद्य तो नृत्याच्या वाद्यवृंदांतून वाजवीत असे आणि त्या कमाईवर त्याने मिनेसोटा विद्यापीठात यंत्रविद्येचे शिक्षण सुरू केले. परंतु सुमारे दीड वर्षातच ते शिक्षण सुटले. मात्र शिकण्याची ओढ सुटली नाही. टपालाद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमातून त्याने यंत्ररचनेचा अभ्यास चालू ठेवला. १९२१ साली 'मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग' या कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याला साहाय्यकाची नोकरी मिळाली. आज 'थ्री एम' या नावाने जगभर प्रसिद्ध असलेली ही कंपनी त्या वेळी लहान होती व मुख्यतः काचकागद, म्हणजे सुतार ज्याला पॉलिशपेपर म्हणतात तो, तयार करीत असे.

पाण्यात भिजवून वापरता येईल असा एक नवा काचकागद कंपनीने काढला होता. मोटारींना रंग देण्यापूर्वी पत्रा घासण्यासाठी त्याचा उपयोग होई. त्याचे नमुने घेऊन ड्रू शहरातील मोटार-कारखान्यांत जात असे. असाच एकदा तो एका कारखान्यात शिरला, तो तेथील रंगारी संतापून शिव्या देत असलेला त्याला आढळला. त्या काळी दोन रंगांच्या मोटारींची मोठी हौस होती. एक रंग दिल्यावर तो भाग झाकायचा व मग दुसरा रंग फवारायचा. झाकण्यासाठी वर्तमानपत्राचे कागद सरसाने किंवा डॉक्टरी चिकटपट्टीने बसवीत. दुसरा रंग वाळल्यावर ते ओढून काढू लागले की खालचा नवा रंगही पापुद्र्यासह निघून येई. सारी मेहनत वाया जाई आणि काम पुन्हा करावे लागे.

ड्रू गेला होता काचकागद दाखवायला. रंगाऱ्याच्या या अडचणीशी त्याच्या कंपनीचा काही संबंध नव्हता. चिकटपट्टी कशी करतात हे त्याला ठाऊक नव्हते आणि कंपनीने ती कधी केलीही नव्हती. तरी यावर आपण उपाय शोधून देऊ, असे वचन तो तरुण तेथेच देऊन बसला.

वचन देणे सोपे होते. ते पाळणे तितके सोपे नव्हते. विचार करा, या पट्टीकडून अपेक्षा किती परस्परविरोधी! ती घट्ट चिकटली पाहिजे, नाही तर रंग तिच्या खाली झिरपेल. पण ती सहज सुटलीही पाहिजे, नाही तर खालचा रंग उखडेल. रंगातील द्रावकाने ती विरघळता कामा नये. आणि मोटारीच्या वळणांवर ती न फाटता वळली पाहिजे. ड्रूने वनस्पतिज तेले, निरनिराळ्या राळा व डिंक घेऊन मिश्रणामागून मिश्रण करून पाहिले. अखेर सुतारी सरस आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात त्याला हवा तसा, ओलसर राहणारा चिकटपणा सापडला. वळणाचा प्रश्न क्रेप कागदाने सोडवला. स्नेहसंमेलनाच्या वेळी आमचे विद्यार्थी ज्या सुरकुतलेल्या कागदाच्या झालरी करतात, त्याच जातीचा हा कागद. त्याच्या सुरकुत्यांमुळे तो ताणला जातो व वळणाबरोबर वळतो.

हे सारे सांगायला चार ओळी पुरल्या, पण त्यामागे सुमारे दोन वर्षांची खटपट आहे. या खटपटीत ड्रूचा सामना केवळ डिंकाशी नव्हता. कंपनीचा कारभार पाहणारे विल्यम मॅकनाइट हे शिस्तीचे गृहस्थ होते. १९०७ साली साहाय्यक हिशेबनीस म्हणून लागून ते स्वतःच्या कर्तबगारीने वर चढले होते. हा तरुण नेमून दिलेले काम बाजूला ठेवून भलत्याच नादी लागला आहे, हे पाहून त्यांनी त्याला काचकागदाच्या कामावर परतण्यास सांगितले. ड्रू परतला, पण थोड्याच दिवसांत पुन्हा पट्टीच्या मागे लागला. मॅकनाइट यांनी ते पाहिले आणि या खेपेस काही बोलले नाहीत. पुढे पट्टीसाठी कागदाचे एक यंत्र घेण्यास ड्रूने परवानगी मागितली; ती नाकारण्यात आली. तेव्हा शंभर डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करण्याचा जो अधिकार त्याला होता, त्याचा उपयोग करून त्याने लहान लहान रकमांच्या अनेक मागण्या लिहिल्या व ते यंत्र मिळवले. नंतर ही युक्ती त्याने स्वतःच मॅकनाइट यांच्यापुढे कबूल केली.

शिक्षक म्हणून या प्रसंगाविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. वरिष्ठांची आज्ञा टाळावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना कसे सांगावे? आणि ड्रूने ती टाळली नसती, तर पट्टी झाली असती काय? आम्हाला वाटते, येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ड्रूचा हट्ट आळसासाठी किंवा स्वतःच्या सोयीसाठी नव्हता. दुसऱ्याची अडचण दूर करण्यासाठी तो जादा श्रम करीत होता. शिवाय जे केले ते त्याने लपवून ठेवले नाही. आणि मॅकनाइट यांचा मोठेपणाही काही कमी नाही. आपली आज्ञा चुकीची ठरली हे त्यांनी ओळखले आणि त्यापासून धडा घेतला. पुढे या कंपनीत संशोधकांना आपल्या वेळेतील १५ टक्के भाग स्वतःच्या आवडीच्या प्रयोगांसाठी देण्याची प्रथा पडली. तिच्या मुळाशी ड्रूचाच अनुभव असल्याचे मानले जाते.

१९२५ साली मास्किंग टेप तयार झाली. आरंभीच्या एका नमुन्यात सुमारे दोन इंच रुंद पट्टीच्या केवळ कडांनाच चिकट लेप दिला होता. तो पुरेना आणि पट्टी गळून पडे. तेव्हा एका रंगाऱ्याने हा कंजूषपणा पाहून कंपनीला स्कॉच ठरवले, अशी आख्यायिका आहे. स्कॉटलंडचे लोक चिक्कू, असा एक अन्यायकारक समज तिकडे रूढ होता. कंपनीने हेच टोपणनाव पुढे आपल्या पट्ट्यांना दिले.

ड्रू तेथेच थांबला नाही. सेलोफेन हा पारदर्शक कागद नव्याने बाजारात आला होता. त्यावर चिकट लेप चढवण्याचा त्याने चंग बांधला. सेलोफेन गुंडाळला जाई, चिरे, यंत्रात तुटे. आणि लेपही पाण्यासारखा स्वच्छ हवा. १९३० साली ही पारदर्शक पट्टी तयार झाली. ते महामंदीचे दिवस होते. नवे घेण्याची ऐपत नसलेल्या लोकांनी फाटलेली पुस्तके, कागदपत्रे, तुटकी खेळणी या पट्टीने सांधून संसार चालवले. आज तुमच्या दप्तरात असलेली चिकटपट्टी तिचीच वंशज आहे.

ड्रूच्या नावावर ३० पेटंटे नोंदली गेली. १९६२ साली तो निवृत्त झाला आणि १४ डिसेंबर १९८० रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे त्याचे निधन झाले. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान-दालनात त्याला मरणोत्तर स्थान देण्यात आले.

ज्यांना ही पट्टी वापरायची असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. भिंतीवरील धूळ आधी पुसावी. पट्टीची कड नखाने किंवा कापडाने नीट दाबून बसवावी. रंग पातळ हाताने द्यावा; जाड थर कडेखाली झिरपतो. आणि रंग पुरता कडक होण्यापूर्वीच पट्टी मागे दुमडून तिरपी, हळूहळू ओढावी.

विद्यार्थी मित्रहो, त्या दिवशी त्या रंगाऱ्याची कुरकुर ऐकणारा ड्रू काही पहिलाच नसेल. इतरांनी ती ऐकून सोडून दिली. ड्रूने ती आपली मानली. त्याच्यापाशी पदवी नव्हती, या विषयाचे ज्ञान नव्हते, वरिष्ठांचा पाठिंबाही नव्हता. यांपैकी ज्ञान त्याने श्रमाने मिळवले व पाठिंबा कामाने मिळवला. तुमच्या घरी, शेतात, बाजारात रोज कोणी ना कोणी अशीच एखादी अडचण बोलून दाखवीत असते. ती कान देऊन ऐका, आणि जमल्यास वहीत टिपून ठेवा.